डोळा भरायचे दिवस

"हिला एका जागी खिळा ठोकून बसवू नका हं. खिळा जागच्या जागी राहील आणि पोर निघून जाईल."

बालवर्गाच्या ताईंनी हे फाटकाशी, दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाचं नाक पुसता पुसता, हसत सांगितलं होतं. पोरीच्या आईनं मान डोलावली होती आणि घराच्या वळणापर्यंत ते बोलणं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडूनही दिलं होतं. तिला वाटलं, लहान पोरांत राहून राहून ताईंचं बोलणंही खेळातलंच झालंय. ती स्वतः पदवीपर्यंत शिकली होती ती बसूनच. भिंतीकडे तोंड, पुढ्यात पुस्तक, कडेला पाण्याचा पेला. अभ्यास म्हणजे बैठक, असं तिचं सरळ मत होतं.

आता तीच पोर तिसरीत होती आणि वर्गाच्या बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं होतं.

"वाचलेलं काही राहतच नाही हो हिच्या डोक्यात," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "पालथ्या घड्यावर पाणी. काही विचारलं की बुटांकडे बघत बसते. तोंडी परीक्षेपर्यंत बघते मी. नाही जमलं तर दुसरीत बसवते. तिच्या भल्यासाठीच सांगतेय."

दुसरीत जावेचा मुलगा होता. चुलत बहीण येऊन शेजारी बसली की तो घरोघर काय सांगत सुटेल आणि जाऊ ते ऐकून पदराआड कशी हसेल, हे तिला तिथं उभ्या उभ्याच दिसलं. पण त्याहून वाईट वाटलं ते बाहेर आल्यावर. फाटकाला लटकून झोके घेणारी पोरगी तिला बघताच थांबली आणि म्हणाली, "मी ढ आहे ना गं, आई?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मला कळतं."

घरी सगळे तिला भिंगरी म्हणत. त्या दिवशी भिंगरी सबंध वाटभर आईचं बोट धरून सरळ चालली, आणि आईला त्याचीच जास्त भीती वाटली.

घराला लागून गुलाबाची रोपवाटिका होती. पुढं रोपांच्या पिशव्यांच्या रांगा, मागं हिरव्या जाळीची शेड, शेडच्या तोंडाशी पाण्याची टाकी. थंडी ओसरत आली होती. रानगुलाबाच्या खुंटांत रस चढला होता आणि साल सुटायला लागली होती. सुटलेली साल चाकूच्या टोकानं उचलली की पाकिटासारखी उघडते, तिच्यात चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. याला डोळा भरणं म्हणतात. ऊन तापलं की साल पुन्हा लाकडाला चिकटते, मग कितीही हुशार हात असो, पाकीट उघडत नाही. वर्षभराची झाडं या थोड्या दिवसांत व्हायची.

आणि नेमका याच दिवसांत सासूबाईंच्या अंगठ्यात काटा मोडला. जन्मभर काट्यांत वावरलेली बाई, तिनं तो दातानं काढला आणि विसरली. अंगठा लिंबाएवढा सुजला तेव्हा डॉक्टरकडे नेलं. त्यांनी चीर देऊन पू काढला, जाड पट्टी बांधली आणि चाकू धरायचा नाही असं बजावलं.

नवऱ्याचा इथं उपयोग नव्हता. माती चाळणं, पिशव्या भरणं, गाडी हाकणं यात त्याला तोड नव्हती, पण हाताला फावड्याची सवय. चाकू दिला की साल सोडून लाकूडच कापायचा.

"माझ्या हातात दिलंत तर गुलाबाच्या जागी दातकोरणी तयार होतील," तो म्हणाला. "मास्तरणीला शिकवा की. शिकलेली आहे ती, पटकन उचलेल."

ती पटकन उचलणार होती. तिलाही तसंच वाटत होतं.

शेड अरुंद. सासूबाई पाटावर बसल्या, पिशवी गुडघ्यांत धरली, खुंट पुढच्या बाजूला आडवा केला. सून समोर बसली, शाळेत बाईंच्या समोर बसावं तशी. सासूबाईंनी बांधलेला अंगठा वर ठेवून चार बोटांनीच चाकू धरला आणि एक डोळा भरून दाखवला. मग दुसरा. मग ओठ आवळून तिसरा.

"चीर किती खोल द्यायची, अहो आई?"

"बघ ना."

"म्हणजे सालीपुरती? की आत?"

"अगं, मी करतेय ते बघ. बोलण्यात काय आहे?"

तिनं बघितलं. मन लावून बघितलं. कॉलेजात ती एकदा लिहून काढलेलं विसरत नसे, पण इथं लिहिण्यासारखं कुणी काही बोलतच नव्हतं. संध्याकाळी सासूबाईंना ताप भरला आणि त्या आत जाऊन पडल्या. दुसऱ्या दिवसापासून ती एकटीच पाटावर बसली. काट्यांनी मनगटं ओरबाडली, कंबर धरली, बोटांना सालीचा चीक लागून ती काळी पडली. पण हात चालायला लागला. संध्याकाळी भरलेली रांग बघून तिला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटे.

शाळेतून आल्यावर भिंगरीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलेलं असे. धडा उघडलेला, बोट ओळीवर. शेडच्या दारातून ते टेबल दिसत असे. पोरगी हलली की ती इथूनच हाक मारी, "पाय." पाय थांबत. मग पेन्सिल फिरायला लागे. "पेन्सिल." पेन्सिल थांबे. मग केसांची वेणी तोंडात जाई. जेवताना ती विचारी, "सांग बघू, नदी उगमाशी कशी असते?" भिंगरी ताटाकडे बघत राही. तिचं ते थांबणं जसजसं वाढे तसतसा आईचा आवाज चढे, आणि मग तिलाच स्वतःचा राग येई.

ताप उतरल्यावर सासूबाई शेडमध्ये आल्या. सुनेची रांग बघायला वाकल्या. एक पिशवी उचलली, ठेवली. पुढची उचलली. मग कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. सगळे शीर्षासन करतायत."

तिला कळेना. सासूबाईंनी पिशवी तिच्या नाकासमोर धरली. डोळा काढताना त्याच्याखाली पानाचा छोटा देठ ठेवतात, धरायला मूठ म्हणून. देठ खाली, डोळा वर. इथं प्रत्येक खुंटावर देठ वर होता आणि डोळा जमिनीकडे तोंड करून बसला होता. एक नाही, दोन नाही, सगळी रांग.

नवरा पाण्याचा पाइप ओढत आला होता. त्यानं बघितलं आणि तोंड फिरवून खांदे हलवत उभा राहिला.

"हसा," ती म्हणाली. "मोठ्यानं हसा." आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या पाटाकडे बघत होत्या. "तू त्या दिवशी कुठं बसली होतीस गं?"

"तुमच्यासमोर."

"समोर." त्यांनी पाटावर बसून बघितलं, मग उठून सुनेच्या जागी बसून बघितलं. "बरोबर आहे की मग. देठ माझ्याकडे होता म्हणजे तुला लांबचा दिसला. तूही तो स्वतःपासून लांबच लावलास. जसं दिसलं तसं केलंस, त्यात तुझं काय चुकलं? मी माझ्या सासूच्या मांडीला मांडी लावून शिकले. तुला समोर बसवलं, वर तोंडातून शब्दही काढला नाही." त्यांनी बांधलेला अंगठा कपाळाला लावला. "दुखत होतं. आणि खरं सांगू का, मला सांगता येतच नाही. माझ्या हाताला येतं ते तोंडाला येत नाही."

"मला ऐकल्याशिवाय येत नाही," ती म्हणाली. हे ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. पदवीपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

"मग कसं करायचं?"

"मी करते आणि करताना बोलते. शब्द चुकला तर थांबवा."

दोघी एका बाजूला, मांडीला मांडी लावून बसल्या. साल अजून सुटत होती. जुना डोळा काढून टाकायचा आणि खुंटाच्या दुसऱ्या अंगाला नवी चीर द्यायची.

"उभी चीर," ती म्हणाली.

"हळू. लाकूड लागलं की थांब."

"लाकूड लागलं की थांब. वर आडवी चीर. आता साल उचलायची."

"उचलायची नाही. पान उलटतो तशी उघडायची."

"पान उलटतो तशी. देठ माझ्याकडे."

"देठ मुळाकडे म्हण. तुझ्याकडे काय, तू उद्या उठून पलीकडे बसशील."

ती हसली. "देठ मुळाकडे. सरकव. पट्टी खालून वर, डोळा उघडा."

दुपारपर्यंत ती बडबड तिच्या तोंडात बसली आणि बडबडीमागून हात आपोआप चालायला लागला. सासूबाई ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं करते, पण यात एवढं बोलण्यासारखं आहे हे मला माहीतच नव्हतं." बोलताना त्यांना स्वतःचीच गंमत वाटत होती.

रांगा दुरुस्त करायच्या, शिवाय नव्या भरायच्या. हात कमी पडत होते. पट्टी बांधायला भिंगरीला घेतलं. आईच्या मनात धाकधूक होतीच, अभ्यासाची वेळ जातेय. पण पोरगी पिशव्यांमधून उकिडवी चालत, पट्टी ताणून, तीन वेढे, गाठ, पुढची, असं झराझरा निघाली आणि टेबलाशी चुळबुळणारी हीच का, असं बघत राहावं असं ते होतं.

आईनं काही ठरवलं नव्हतं. रिकाम्या तोंडानं बरं वाटेना म्हणून सहज विचारलं, "काय गं, ती नदी उगमाशी कशी असते?"

"बारीक," भिंगरी म्हणाली. गाठ. "आणि थंड. आणि तिला घाई असते." पुढची पिशवी. "मग तिला दुसरी नदी भेटते, मग ती रुंद होते आणि गाळ आणते." गाठ. "आणि शेवटी ती इतकी हळू होते की समुद्रात कधी गेली तिलाच कळत नाही. घाई आणि कळत नाही हे पुस्तकात नाहीये, ते मी घातलं."

सुनेचा चाकू हवेतच राहिला. सासूबाईंनी तिच्या गुडघ्याला कोपर टेकवलं, गप्प राहा म्हणून. ती गप्प राहिली नाही. "आणि झाडाची मुळं काय काय करतात?" तेही आलं. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत अर्धं पुस्तक आलं. टेबलाशी बसून ते कुठंतरी आत गेलं होतं म्हणायचं, फक्त परतीची वाट सापडत नव्हती.

सुतावरून स्वर्ग गाठायची आईला सवयच. दुसऱ्या दिवशी तिनं टेबल भिंतीला लावून टाकलं. आता सगळं चालत. शुद्धलेखन चालत, गणित चालत, नवा धडा वाचायचा तो पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारत. "तू चालून शिकणारी आहेस," तिनं पोरीला सांगितलं. "आम्हाला आधीच कळायला हवं होतं. बसायचंच नाही तू." नवऱ्यालाही सांगितलं, जावेलाही भिंतीवरून सांगितलं, "आमची चालून शिकणारी आहे." जाऊ म्हणाली, "बरंय बाई. आमचा झोपून शिकणारा आहे."

दोन फेऱ्यांत भिंगरी टाकीला अडखळली, गुडघा फुटला, पुस्तक चिखलात. ती रडली नाही. चिखल पुसत म्हणाली, "आई, वाचताना मला चालवू नकोस ना."

"अगं पण तू..."

"नवीन वाचायचं असलं की मला एकटीला पाहिजे. पलंगाखाली. तिथं कुणी पाय, पेन्सिल करत नाही." ती थांबली. आई मध्ये बोलली नाही, पण न बोलण्यासाठी तिला ओठ चावावा लागला. "मग ते सांगायचं असलं की हाताला काम पाहिजे. हात मोकळे असले की ते मलाच बघत बसतात. आणि गणित बसूनच येतं. गणिताला मी कधी हलले होते का?"

आईनं आठवून बघितलं. नव्हती हलली. गणिताला ती कधीच हलली नव्हती, आणि "पाय" म्हणून हाक मारायच्या नादात आईनं ते बघितलंच नव्हतं. आधी टेबलाला बांधली, मग टाकीला. दोन्ही वेळा दोरी आपलीच.

"बरं," ती म्हणाली. "पलंगाखाली झाडून देते."

"झाडू नकोस. मी ठेवलंय तसंच राहू दे."

तोंडी परीक्षेच्या दिवशी पालकांना वर्गाच्या मागं बसता येत होतं. बाकं लहान, गुडघे हनुवटीला लागतील अशी. तिनं बाईंना आधीच गाठून सांगायचं ठरवलं होतं, वाक्यं जुळवून ठेवली होती. पण भिंगरीनं फाटकाशीच सांगितलं, "तू नको बोलूस. मी विचारते."

नाव पुकारल्यावर ती बाईंच्या टेबलाशी गेली आणि खिशातून डोळा बांधायच्या पट्टीचं भेंडोळं काढलं. "बाई, मी सांगताना हे पेन्सिलीला बांधलं तर चालेल?"

"का गं?"

"हाताला काम असलं की मला आठवतं."

पुढच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. बाईंनी मागं आईकडे बघितलं. आईनं खाली बघितलं, कारण आपला चेहरा आपल्या ताब्यात नाही हे तिला कळत होतं. "एकीला दिलं की सगळे मागतील," बाई अर्धवट स्वतःशीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बांध. पण आवाज मोठा हवा."

वेढा, वेढा, वेढा, गाठ. नदी आली, घाईसकट आली. मुळं आली. हवेचा धडा आला. बाईंची मान आधी प्रश्नपत्रिकेवर होती, ती वर आली. पेन्सिल अंगठ्याएवढी जाड झाली होती. मग बाईंनी ढगांच्या प्रकारांबद्दल विचारलं आणि पट्टी थांबली.

"हे मला येत नाही," भिंगरी म्हणाली. बुटांकडे न बघता म्हणाली. "पण कसं येईल ते मला माहितीये."

"कसं?"

"पलंगाखाली नेलं की."

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, आधी ओठांत, मग चष्मा काढून. "मग ने," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात तिसरीच्याच वर्गात येऊन मला ढग सांग. जा जागेवर."

जागेवर, म्हणजे तिसरीच्या. आईचा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यानं तिला लहान बाकातून उठताच येईना. गुडघे अडकले होते.

वर्ग सुटल्यावर ती बाईंना धन्यवाद द्यायला थांबली. बाई टेबल आवरत होत्या. "तुमच्या मुलीनं मला चांगलंच कामाला लावलं," त्या म्हणाल्या. "आता उद्या प्रत्येकाला विचारायला हवं, तुला कसं येतं म्हणून. चाळीस जण आहेत."

"तो भिंतीकडचा?" तिनं विचारलं. परीक्षाभर तिची नजर तिकडे जात होती. एक मुलगा, हात घडी घालून, इतका स्थिर की डास बसला तरी उडवत नव्हता. त्याची पाळी येऊन गेली होती. त्यानं दोन ओळी पाठ म्हणून दाखवल्या होत्या आणि बसला होता.

"तो ना? तो अगदी गुणी. काही म्हणजे काही त्रास नाही."

"शिकवलेलं कळतं त्याला?"

"वही स्वच्छ असते," बाई म्हणाल्या. आणि मग खडूचा डबा हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. "मी विचारलेलं नाही कधी," त्या म्हणाल्या.

सासूबाईंच्या अंगठ्याची पट्टी सुटली. नव्या चामडीचा गुलाबी अंगठा त्या सगळ्यांना दाखवत हिंडतात. चाकू मात्र सुनेकडेच ठेवलाय, आणि शेजारी बसून त्या म्हणतात, "बोल की गं, गप्प का? मला करमत नाही." खुंटांवर भरलेले डोळे हिरवे राहिलेत. काही फुगून फुटायच्या बेतात आहेत. ढगांचा धडा येऊन, बाईंना सांगून झालाय, पलंगाखालचं अजून झाडलेलं नाही. घरात सुख आहे, आणि तिला सुखातही काळजी शोधायची खोड आहे, असं नवरा म्हणतो. असेल. कारण काम करता करता तिला आपल्या पोरीपेक्षा तो भिंतीकडचा मुलगा जास्त आठवतो. चुळबुळणाऱ्या पोराकडे कुणीतरी ओरडायला का होईना, पण बघतं. त्याच्याकडे कोण बघत असेल?

बाईंनी त्याला विचारलं असेल, अशी तिला आशा आहे. ती स्वतः ऊन तापायच्या आत उरलेल्या रांगांत आहे, तिचे हात चिकानं भरलेत. तुमचे मोकळे असतील तर एवढं करा. तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, कुणाला काही म्हणजे काही त्रास न देणारं एखादं मूल असेल. त्याच्याकडे आज जाऊन या. वही मागू नका. "आज काय कळलं नाही रे तुला?" एवढंच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर उठू नका.